सोनवणे मॅडमचे तीन रकाने

आमच्या संस्थेत सगळ्या ताई. संचालिका वैद्यताई, समुपदेशन करणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या ताई. प्रतिभा सोनवणे मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला मॅडम म्हणा. ताई म्हणवून घ्यायला मला सख्खे तीन भाऊ आहेत आणि त्यांचाही अनुभव फारसा चांगला नाही." हे सांगताना त्या हसल्या वगैरे नाहीत. त्यामुळे आपण हसावं की नाही, हे आम्हाला कळेना. शेवटी कोणीच हसलं नाही.

त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून तीन दिवस वारज्याहून बसने यायच्या आणि आमचे पाच कॉम्प्युटर सांभाळायच्या. मानधन देऊ केलं तेव्हा "पेन्शन पुरते" एवढंच म्हणून विषय संपवला. आमची संस्था घरातली मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बायकांना आधार देते. स्वारगेटजवळचं आमचं ऑफिस कोणालाही सापडतं, दारावर मोठी पाटी आहे. पण या बायका मुलाबाळांना घेऊन जिथे राहतात ते घर वेगळं. त्या घराचा पत्ता आम्ही पत्रकावर छापत नाही, देणगीदारांना सांगत नाही, स्वतःच्या घरीसुद्धा बोलत नाही. तो झाकून ठेवणं हे आमचं निम्मं काम आहे, कारण बाईला शोधत कोणी ना कोणी फिरत असतंच. मी ऑफिसात पत्रव्यवहार आणि कोर्टाच्या फायली बघते, तेव्हाही तेच बघत होते.

मॅडम आल्या तेव्हा आमच्या प्रत्येकीचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली किंवा स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला होता. मॅडमनी काही न बोलता सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या, वर नावं लिहिली आणि जिची तिला वाटली. "घरी न्या. मंगळसूत्र ठेवता तिथे ठेवा." वैद्यताईंनी लग्न केलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आणि मी कुठे ठेवू?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पाठ करा."

जागेवरून उठलं की स्क्रीन बंद करायचा, हा त्यांचा दुसरा कायदा. पाणी प्यायला उठलात तरी बंद. विसरलात तर त्या स्वतः येऊन बंद करायच्या आणि अर्धवट लिहिलेलं पत्र गेलं की राहिलं या धास्तीत तुम्ही धावत परत यायचात. मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, पाच पावलांवर तर माठ आहे." त्या म्हणाल्या, "मोजलीत ना? म्हणजे लांब आहे."

पण मॅडमची खरी ओळख म्हणजे त्यांचे कागद. ब्राउझर नव्याने अपडेट झाला की आपण काय करतो? बटण येतं, आपण ते दाबतो आणि चहाला जातो. मॅडमच्या राज्यात हे चालत नसे. देणगीत आलेल्या जुन्या कपड्यांच्या खोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर होता, नंबर पाच. नवी आवृत्ती आधी त्याच्यावर चढायची. मग मॅडम गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा लावून 'नवीन काय आहे' हे पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. जगात हे पान पूर्ण वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. लिहिणाऱ्यानेही परत वाचलं असेल की नाही, शंकाच आहे. वाचून झालं की आडवा कागद घ्यायचा आणि त्यावर तीन रकाने आखायचे. काय देतो. बदल्यात काय मागतो. नाही म्हटलं तर ऐकतो का.

आठ दिवस हे चालायचं. मग सकाळी साडेदहाला आम्हाला सगळ्यांना उभं करून त्या निकाल वाचायच्या. "टॅब आपोआप गटागटाने लावतो. मागत काही नाही. नको म्हटलं तर ऐकतो. राहू द्या. पासवर्ड लक्षात ठेवतो. त्यासाठी आपला पासवर्ड मागतो, म्हणजे उपकारच आहेत. बंद. आपण कुठे आहोत ते वेबसाइटला सांगतो. एकदा नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी परत विचारतो. कायमचा बंद." लग्नाला स्थळं पाहतात त्यापेक्षा जास्त चौकशी. आम्ही जांभया आवरत ऐकायचो. मला तर तेव्हा वाटायचं, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून बाईंनी हे काढलंय.

एकदा एका देणगीदार कंपनीतला तरुण मुलगा आम्हाला नवा ब्राउझर दाखवायला आला. हा स्वतःच पान वाचतो, सारांश करून देतो, पत्राचा मसुदाही लिहितो. मी खूश झाले, कारण मसुदे मीच लिहीत होते. मुलगा उत्साहात होता. "मॅडम, तुम्ही केसची फाइल ओपन करा, हा पूर्ण फाइल रीड करून दोन मिनिटांत समरी देतो. टोटल गेम चेंजर आहे."

मॅडमनी विचारलं, "वाचतो म्हणजे कुठे बसून वाचतो?"

"म्हणजे? क्लाउडवर."

"क्लाउड म्हणजे कोणाच्या तरी इमारतीतला कॉम्प्युटर. ती इमारत कुठे आहे?"

"ते एक्झॅक्टली नाही सांगता येणार. पण एकदम सिक्युअर आहे, डोन्ट वरी."

"अहो, तो कसा आहे ते मी विचारलंच नाही. मी पत्ता विचारतेय."

मुलाने वैद्यताईंकडे पाहिलं. वैद्यताई खिडकीबाहेर पाहत होत्या. मॅडमनी त्याला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि कागदावर तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'विचारल्यावर सांगत नाही'. माझे मसुदे माझ्याच गळ्यात राहिले.

या सगळ्यात आम्हाला कधी भीती अशी वाटली नव्हती. ती वाटली सविताच्या वेळी. नाव अर्थातच बदललं आहे. सविता लोणी काळभोरची, सासर तिथून पुढे एका गावात. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे आली होती. मोबाईलसुद्धा तिकडेच राहिला होता. नवऱ्याने दोनदा तिला शोधून परत नेलं होतं आणि दुसऱ्या खेपेला तिचा हात मोडला होता. तिसऱ्यांदा सापडलीस तर हात मोडून थांबणार नाही, असं त्याने तिच्या आईसमोर सांगून ठेवलं होतं. तो बोलतो तसं करतो, हे तिला माहीत होतं.

त्याच सुमाराला ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीत एक मोठं भोक सापडल्याची बातमी आली. नुसतं एखादं बनावट पान उघडलं तरी बाहेरच्या माणसाला थेट आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येत होतं आणि तसे प्रकार सुरूही झाले होते. नव्या आवृत्तीत ते भोक बुजवलेलं होतं. पण त्याच आवृत्तीत चौदा नव्या सोयीही होत्या आणि एक घ्यायचं, दुसरं नाकारायचं असं करता येत नव्हतं. आठ दिवस तपासत बसावं तर तोवर भोक उघडं. लगेच घ्यावं तर चौदा अनोळखी माणसं न विचारता घरात. त्या दिवशी मॅडमनी एकचा डबा उघडलाच नाही. तीन वाजता कपड्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजच घ्यायचं. चोराला आठ दिवस देता येणार नाहीत." सगळ्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः नवी आवृत्ती चढवली. चौदा सोयींचा कागद मात्र घाईत, एका बैठकीत लिहिला.

पुढच्या सोमवारी सविता मुलीला घेऊन तिच्या शाळेच्या कामाने ऑफिसात आली. मुलीचा दाखला तिच्या ईमेलमध्ये होता. मी तिला चार नंबरच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिने ईमेल उघडला, दाखला छापून घेतला, आणि मुलीसाठी वह्या कुठे स्वस्त मिळतील ते थोडा वेळ शोधत बसली. दीड वाजता ऑफिसचा फोन वाजला. सविताची आई होती.

"अवो ताई, जावई आलाय दारात. सविताचा जुना मोबाईल नाचवतोय. म्हणतोय, तुमची लेक आज वह्या शोधतीय, ते बी दिसतंय मला. कुठं बसलीय ते बी काढतो म्हणतोय. खरं हाय का वो हे?"

मी फोन हातात धरूनच मॅडमना सांगितलं. त्या डबा खात होत्या. हात न धुताच उठल्या आणि सवितासमोर जाऊन खुर्ची ओढून बसल्या.

"ईमेल उघडताना याने तुम्हाला काही विचारलं?"

"व्हय. तुमचं सगळं सामान इथं बी आणू का, असं कायतरी होतं. मी हो म्हणलं. नगं म्हणाय पायजे होतं का?"

"ईमेलचं खातं तुम्हाला कोणी काढून दिलं?"

"ह्यांनीच."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. मग आम्हाला सांगितलं ते असं. चौदा सोयींमधली अकरावी ही होती. तुम्ही ईमेल उघडलात की ब्राउझर विचारतो, तुमची माहिती सगळीकडे दिसू दे का? हो म्हटलं की त्या कॉम्प्युटरवर जे काही साठलेलं असेल ते तुमच्या खात्यात जातं, आणि तेच खातं ज्या ज्या फोनवर चालू असेल त्या फोनवर उमटतं. कोणती पानं पाहिली, काय शोधलं, आणि मागवलेल्या वस्तूंसाठी टाइप केलेले पत्ते.

पत्ते हा शब्द ऐकला आणि मला ते औषध आठवलं. महिन्याभरापूर्वी बायकांच्या त्या घरातल्या एका बाळाला ताप आला होता आणि मी घाईघाईत चार नंबरवरूनच औषध मागवलं होतं. पत्ता टाइप केला होता, तिथला, पूर्ण, पिनकोडसकट. असं करायचं नाही हा नियम मला पाठ होता. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सेटिंग उघडून साठवलेल्या पत्त्यांची यादी काढली. दोनच पत्ते होते. एक ऑफिसचा आणि दुसरा तो.

सविताच्या खात्यात तो जुना मोबाईल दिसत होता. शेवटचा वापर, तीन मिनिटांपूर्वी. म्हणजे या क्षणी तो तिच्या आईच्या दारात उभा राहून त्यात बघत होता.

"मॅडम, आधी त्याला बाहेर काढा ना, पासवर्ड बदला," मी म्हटलं.

"आत्ता त्याला काढलं तर पत्ता त्याच्या फोनवर जसाच्या तसा राहील. आधी इथून पुसला तर तिकडूनही पुसला जाईल, पण तिथवर पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला आतच ठेवावं लागेल." हे त्या हळू आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखं बोलत होत्या.

त्यांनी पत्ता पुसला. पाहिलेल्या पानांची यादी पुसली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसल्या. पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस काय काय बघू शकतो याचा मी त्या दिवशी जेवढा विचार केला तेवढा आयुष्यात केला नसेल. सविता मुलीला घट्ट धरून उभी होती. मुलगी म्हणाली, "आई, दुखतंय," तरी तिला कळलं नाही. पाच मिनिटं झाल्यावर मॅडमनी फोन खात्यातून काढून टाकला, पासवर्ड बदलला आणि खुर्चीला टेकल्या.

तोवर वैद्यताई आल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "पुसलं ना? मग झालं तर. त्याला कुठे एवढं कळतंय मोबाईलमधलं?"

"वह्या शोधल्या हे कळलं त्याला," मॅडम म्हणाल्या. "पत्ता पाहिला की नाही ते मला सांगता येत नाही. पाहिला असं धरून चाला. आज घर रिकामं करा."

"अहो, अकरा बायका आहेत तिथे! सहा मुलं. दोघींची परीक्षा आहे, एकीचे बाळंतपणाचे दिवस भरत आलेत. नुसत्या शंकेवर कुठे नेऊ त्यांना?"

"मला माहीत नाही. ते तुमचं काम. माझं काम मी चुकवलंय, तुम्ही तुमचं चुकवू नका."

मग त्या उठून कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि तो कागद घेऊन आल्या. अकराव्या ओळीसमोर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात निकाल होता, 'निरुपद्रवी'. तो वैद्यताईंपुढे ठेवून त्या म्हणाल्या, "हे मी लिहिलंय. मी सगळा वेळ बाहेरच्या चोराचा विचार केला. चोराला कुलूप तोडावं लागतं. इथे येणाऱ्या प्रत्येक बाईच्या नवऱ्याकडे किल्ली असते, हे मला तेव्हा सुचलं नाही." सविता रडायला लागली तेव्हा तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही रडू नका. तुम्हाला विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत. तो प्रश्न तुमच्यापर्यंत यायलाच नको होता."

माझ्या औषधाच्या पत्त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. वैद्यताईंना ते मीच सांगितलं, आणि सांगताना फार लाज वाटली.

वैद्यताई फोनवर फोन लावत सुटल्या. पोलिसांत तक्रार दिली, दुसऱ्या दोन संस्थांना विनंती केली, बाळंतपणाच्या बाईला दवाखान्यात हलवलं. सहा वाजायच्या आत घर रिकामं झालं. सामान बांधताना बायका आम्हाला बोलल्याही, आणि का बोलू नये? कशीबशी घडी बसली होती, ती आम्हीच मोडली. मॅडम दारात उभ्या राहून सगळं ऐकून घेत होत्या आणि एकेकीला विचारत होत्या, "तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?" अकरापैकी नऊजणी म्हणाल्या, नवऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या घराच्या गल्लीतल्या दुकानदाराचा फोन आला, कोणी आलं तर कळवा म्हणून आम्ही त्याला नंबर देऊन ठेवला होता. जीपमधून चार माणसं आली होती, दाराचं कुलूप हलवून गेली, लहान मुलगी असलेली बाई इथे राहते का म्हणून चौकशी करत होती. वैद्यताईंनी फोन ठेवला आणि मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्या दिवशी मंगळवार होता, मॅडमचा यायचा दिवस नव्हता.

बुधवारी त्या आल्या त्या राजीनामा घेऊनच. विनामूल्य काम करणाऱ्या माणसाने राजीनामा देण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. वैद्यताईंनी तो फाडला. म्हणाल्या, "तुमच्यामुळे त्या वाचल्या." मॅडम म्हणाल्या, "माझ्यामुळे त्यांना पळावं लागलं. दोन्ही खरं आहे. मला दुसरं विसरता येत नाही." मी खूप विनवण्या केल्या. "बसने कंबर दुखते," असं त्या मला म्हणाल्या. इतकं कच्चं खोटं त्या त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. तरी पुढचे पंधरा दिवस येऊन त्यांनी मला सगळं शिकवलं. नव्या बाईच्या हातात चहाचा कप देण्याआधी तिचे पासवर्ड बदलायचे, हेही त्यातच.

सविताला त्या पंधरवड्यातच दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचं ठरलं. तिथे काम मिळत होतं, मुलीला शाळा मिळत होती. गाव वैद्यताईंना आणि मला ठाऊक होतं, कागदपत्रं माझ्याकडे होती म्हणून. सविताला गाडीत बसवून द्यायला मी स्वारगेटला गेले. मॅडमही आल्या. मुलीसाठी त्यांनी बारा वह्या आणल्या होत्या, प्रत्येकीला तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं.

सविताने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मॅडम, तिकडं एकदा या. मी गावाचं नाव सांगती, स्टँडपासनं..."

मॅडमनी तिच्या तोंडासमोर तळहात धरला. "मला सांगू नका."

"तुमाला सांगाय काय हाय? तुमच्यावर भरवसा हाय माझा."

"माझा नाही. मला माहीत नसलं की माझ्याकडून जाणार नाही."

सविता गाडीत चढली. खिडकीची जागा मिळाली, मुलगी मांडीवर बसली. आणि मॅडम गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आधी मला कळलंच नाही. मग लक्षात आलं, गाडीवर गावाची पाटी होती. ती नजरेला पडू नये म्हणून त्या डेपोच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. लोक त्यांना धक्के देत जात होते. कंडक्टरने गावाचं नाव घेत हाका मारायला सुरुवात केली तशी त्यांनी पर्स काखेत दाबली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. भर स्टँडात, सत्तरीची बाई.

"मॅडम, टाटा!" मुलगी खिडकीतून ओरडत होती. "ओ मॅडम, इकडे!"

त्यांना ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि गाडीच्या दिशेने खूण केली. त्यांनी एक हात कानावरून काढला, मागे न वळता वर केला आणि गाडी सुटेपर्यंत तसाच हलवत राहिल्या.

त्यानंतर आमचं बोलणं व्हायचं ते फोनवरच. गेल्या वर्षी त्या गेल्याचं त्यांच्या भावाने कळवलं. मला त्या आठवतात त्या तशाच, पाठमोऱ्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्या वळल्या नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी मला विचारलं, "गेली का हो?"

"गेली," मी म्हटलं.

"नक्की ना?"